परांची : कायद्याची सक्ती आणि सुरक्षेचे मार्गदर्शन

मंडळाच्या इमारतीला बाहेरून रंग द्यायचा म्हटले की परांची उभी राहते. तेव्हा नेमके काय बंधनकारक असते?

कायदा : बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा आणि १९९८ मध्ये केंद्रीय नियम झाले, राज्यांनीही आपापले नियम केले. परांची जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली बांधणे व वापरापूर्वी तपासणे त्यांत सक्तीचे झाले. मात्र कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. हा विषय पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आला.

मार्गदर्शन : भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३६९६ (भाग १) हे मानक परांचीच्या सुरक्षेविषयी आहे. असे मानक मुळात ऐच्छिक असते. कायद्याने किंवा करारात त्याचा आधार घेतला की ते बंधनकारक ठरते.

आपल्या मंडळांच्या कामावर बहुधा चार-पाचच माणसे असतात. कायद्याची मर्यादा तिथे पोहोचत नसली, तरी दुसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्याला ती वाचवत नाही. म्हणून आम्ही सुचवतो : कंत्राटाच्या कागदावरच या मानकाचे नाव, कठडा, सुरक्षापट्टा आणि पाऊस-वाऱ्यानंतरची फेरतपासणी लिहून घ्यावी. मग मार्गदर्शन हीच कराराची अट होते.