गळाच्या चढाओढी आणि त्यांचे साधे दिवस

ज्यांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर चालत आली, त्या आपल्या ज्ञातिबांधवांस मासा पकडावा, तराजूत घालून त्याचे वजन लिहून घ्यावे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यावा, हा उद्योग प्रथमदर्शनी वेडेपणाचा वाटेल. परंतु इंग्लंडातील कामकरी वर्गाने या उद्योगात आपला विसावा, आपले संघटन आणि आपला स्वाभिमान शोधला. तेथील वृद्ध मंडळी त्या साध्या दिवसांची आठवण आजही हळहळून काढतात. ही हळहळ कितपत रास्त आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गळ टाकण्याच्या कलेवर आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली लिहिलेला ग्रंथ सर्वश्रुत आहे. पण तो निवांतपणाचा ग्रंथ होय. चढाओढ हे मात्र कारखान्यांचे अपत्य. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन मुले यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबू लागले आणि अर्ध्या सुटीची ही रीत हळूहळू इतर धंद्यांतही पसरली. शेफिल्डचे सुऱ्या-कात्र्या घडविणारे, बर्मिंगहॅमचे धातुकाम करणारे, नॉटिंगहॅमचे लेस विणणारे अशा मजुरांच्या हाती प्रथमच काही मोकळे तास आले. त्यांच्या गावच्या नद्या कारखान्यांच्या घाणीने नासल्या होत्या. म्हणून रेल्वेच्या सवलतीच्या तिकिटावर ते लिंकनशायरमधील विदम नदीसारख्या दूरच्या पाण्यावर जात. मोहल्ल्यातील दारूगुत्ता हेच त्यांच्या मंडळाचे कार्यालय असे. वर्गणी तेथेच जमे आणि हिशेबही तेथेच होई. अशा मंडळांतूनच १९०३ साली राष्ट्रीय महासंघ उभा राहिला व १९०६ पासून अखिल इंग्लंडची सांघिक स्पर्धा सुरू झाली. पुढे पुढे एकेका संघात बारा जण असत आणि नदीकाठी हजाराहून अधिक माणसे एकाच वेळी गळ टाकून बसत.

या चढाओढीची रीत समजून घेण्याजोगी आहे. काठावर ठराविक अंतराने क्रमांकाच्या खुंट्या ठोकीत. प्रत्येकाने पिशवीतून चिठ्ठी उचलावी आणि जो क्रमांक निघेल त्या खुंटीशी बसावे. कोणाच्या वाट्यास मासळीने भरलेला डोह येई, तर कोणाच्या वाट्यास कोरडा उथळ. खूण झाली की सर्वांचे गळ पाण्यात पडत आणि शेवटची खूण होताच ते वर येत. पकडलेले मासे जाळीच्या लांब पिशवीत पाण्यातच राखीत. मग तराजूवाला खुंटीखुंटीपाशी जाऊन सर्वांच्या डोळ्यांदेखत वजन करी. रोच, ब्रीम, गजन अशी ती बहुधा लहान मासळी. काही पौंडांत चढाओढ जिंकली जाई आणि कधी कधी औंसाच्या अंशावर निकाल लागे.

साधने बेताचीच होती. बांबूची किंवा ग्रीनहार्ट लाकडाची काठी, रेशमी दोरी, गळाजवळ रेशमाच्या किड्यापासून काढलेली तात, पिसाच्या देठाचा तरंगता बोया आणि आमिषाला अळ्या. नॉटिंगहॅमची लाकडी चक्री आपल्या आसावर इतकी हलकी फिरे की, वाहत्या पाण्याबरोबर बोया आपसूक पुढे जाई. वेताच्या एका पेटाऱ्यात सारा संसार मावे आणि बसावयास आसन म्हणूनही तोच उपयोगी पडे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या लोकांनी स्वतःवर घालून घेतलेले बंधन. १८७८ साली शेफिल्डचे खासदार ए. जे. मुंडेला यांच्या प्रयत्नाने कायदा झाला आणि १५ मार्च ते १५ जून या विणीच्या काळात नदीतील अशा मासळीस अभय मिळाले. शेफिल्डच्या गळ टाकणाऱ्यांचा त्यास पाठिंबा होता. नारळी पौर्णिमेपूर्वी दर्यात होडी न लोटणाऱ्या आपल्या पूर्वजांना या कायद्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.

पुढे काळ पालटला. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनची दोरी आली, मग काचतंतूची काठी आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूची. फ्रान्सकडील चक्रीविना वापरावयाची लांब काठी इंग्लंडात रुजली. आज ती सोळा मीटरपर्यंत लांब असते आणि उत्तम प्रतीच्या काठीस हजारो पौंड मोजावे लागतात. कौशल्य मात्र घटले असे म्हणता येणार नाही. १९६३ साली बिली लेन हा इंग्रज जगज्जेता झाला आणि १९८५ साली इंग्लंडच्या संघाने प्रथमच जागतिक अजिंक्यपद मिळविले. १९९५ साली बहुतेक तळ्यांवरील बंदीचा काळ उठला, नद्यांवर तो तसाच राहिला. कार्प मासा दाटीने सोडलेली खासगी तळी वाढली आणि चढाओढी नदीकाठ सोडून तेथे गेल्या. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातील हा मासा. त्याच्या जोरावर आता शंभर पौंडांहून अधिक वजन पडते. जुना माणूस विचारतो, यात नदी कोठे राहिली?

त्याचा प्रश्न खरा आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने हळहळीचीही झडती घेतली पाहिजे. त्याच साध्या दिवसांत गळाला लावलेल्या शिशाच्या मण्यांनी राजहंस विषबाधेने मरत होते. ते मणी १९८७ साली कायद्याने बंद करावे लागले. ट्रेंट नदीवरील १९६० ते १९८० मधील जी विपुल मासळी वृद्धांना आठवते, तिला काठच्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून सुटणाऱ्या कोमट पाण्याचाही हातभार होता. त्यांतील शेवटचे, रॅटक्लिफ येथील केंद्र २०२४ साली बंद पडले. कोळशाच्या उबेत पोसलेल्या सुबत्तेला निर्मळ सुवर्णकाळ म्हणणे न्यायाचे होणार नाही.

मग त्या दिवसांतले खरोखर चांगले काय होते? माझ्या अल्पमतीप्रमाणे ते बांबूच्या काठीत नव्हते. ते चिठ्ठीत, तराजूत आणि विणीच्या बंदीत होते. चिठ्ठीपुढे मुकादम व मजूर सारखेच, वजन सर्वांसमक्ष, आणि माशाला श्वास घेण्यास अवधी देणारा नियम आपणच मागून घेतलेला. काठी महागली म्हणून ही व्यवस्था मोडत नाही. ज्याची ऐपत मोठी त्यालाच बसावयास जागा, असे झाले म्हणजे ती मोडते.

आपल्या किनाऱ्यावरही शिडाच्या होडीची आठवण काढून उसासे टाकणारे आहेत आणि त्यांत मीही एक आहे. पण इंजिन आले ते परत जाणार नाही, आणि वादळात सापडलेल्या ज्यांचे प्राण इंजिनाने वाचविले त्यांच्यापुढे आपण शिडाची थोरवी गाऊ नये. जून-जुलैची ६१ दिवसांची सरकारी बंदी आपल्यापैकी किती जण मनापासून पाळतात, आणि मोठ्या बोटीपुढे लहान होडीवाल्यास त्याचे पाणी मिळते की नाही, हे आपल्या वार्षिक सभेत विचारण्याचे प्रश्न आहेत. इंग्लंडातील त्या मजुरांनी असले प्रश्न आपल्या मंडळात विचारले, त्यांवर भांडण केले आणि नियम करून ते पाळले. आपल्या तरुण मंडळींनी वडीलधाऱ्यांकडून जुन्या गोष्टी अवश्य ऐकाव्यात, आणि त्याबरोबर ही नियम पाळण्याची रीतही उचलावी, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.