पेटीतले वाचनालय

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा अध्यक्षाबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहावी तर ती आपणां भगिनींना माझ्याहून चांगली येते. परंतु गेल्या वर्षी वाचनालयाच्या प्रश्नावरून आपल्या बैठकीत जी खडाजंगी झाली, तिच्या निमित्ताने मी थोडे जुने वाचले, जाणत्या माणसांना विचारले. तेच येथे मांडते. चुकले असेल तेथे सांभाळून घ्यावे.

आधी माझीच गोष्ट सांगते. लग्न होऊन देवगावात आले तेव्हा सातवी पास होते, अक्षरही बरे होते. पुढे दहा-बारा वर्षे चूल, गोठा, कापूस वेचणी यांतच गेली. हाती छापील म्हणून काय पडायचे, तर किराण्याच्या पुड्यांचे कागद. थोरली मुलगी शाळेत जाऊ लागली आणि तिच्या पुस्तकातला धडा वाचून दाखवताना मी जोडाक्षरांना अडखळू लागले. ती पटकन म्हणाली, "आई, तू तर सातवी शिकलीस ना?" त्या दिवशी भाकरी थापताना माझे लक्ष नव्हते. शिकलेले विसरते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका राजाने ओळखली होती. आपला कन्नडचा घाट उतरून चाळीसगाववरून मालेगावच्या बाजूला गेले म्हणजे कवळाणे नावाचे गाव लागते. तेथे १८६३ साली एका शेतकरी घरात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. १८७५ साली तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव महाराज. दत्तक गेले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. म्हणूनच की काय, १९०६ साली त्यांनी आपल्या साऱ्या राज्यात मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सोडल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेली मुले पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. शाळेवर केलेला खर्च मग पाण्यातच. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले आणि गावोगाव वाचनालयांची योजना सुरू केली.

त्या योजनेतील दोन गोष्टी मला फार आवडल्या. पहिली पैशाची. गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. तिघांचा वाटा सारखा. त्यामुळे वाचनालय सरकारचे की गावाचे, हा वाद उरत नसे. दुसरी गोष्ट फिरत्या पेट्यांची. जेथे वाचनालय नाही अशा गावांना लाकडी पेटीत पुस्तके भरून पाठवीत, ती वाचून झाली की पेटी परत येई आणि दुसरी जाई. नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांची आणि मुलांची वेगळी सोय होती, ती निराळीच. पुढे १९३१ साली तिकडे दक्षिणेत तंजावरकडच्या मन्नारगुडी गावात तर बैलगाडीतून वाचनालय फिरू लागले. आपल्याकडे बैलगाडी कोणाच्या दारात नव्हती? पण तिच्यात पुस्तके भरावी, हे सुचायला हवे होते.

आता आपल्याकडचे पाहू. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ते राज्य गेल्यावर १९५५ साली हैदराबाद राज्याने ग्रंथालयांचा कायदा केला, परंतु दुसऱ्याच वर्षी आपण मुंबई राज्यात आलो. कोल्हापूर संस्थानाने त्याच्याही आधी, १९४५ सालीच असा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात शासनाने ग्रंथालय निधीला दरसाल निदान पंचवीस लाख रुपये द्यावेत असे ठरले. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात मात्र घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी थोडा कर गोळा करण्याची तरतूद होती. आपल्या कायद्यात असा कर नाही. कर नको म्हणणाऱ्यांचेही खरे आहे, दुष्काळी गावात आणखी एक पट्टी कोण भरणार? पण त्यामुळे आपली वाचनालये वर्षाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसतात. शेतकऱ्याने रोहिणीकडे पाहावे तशी.

अनुदान अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे मिळते. २०१२ च्या मे महिन्यात राज्यातील सर्व वाचनालयांची पडताळणी झाली. काही ठिकाणी पाटी होती आणि पुस्तके नव्हती, हे उघड झाले. त्यानंतर कित्येक वर्षे नवी मान्यता आणि वर्गबदल बंद राहिले. चोराबरोबर सज्जनालाही शिक्षा, असे मला वाटते. ड वर्गाच्या वाचनालयाला त्या काळात वर्षाला तीस हजार रुपये मिळत. दहा वर्षे आकडा तोच. तेवढ्यात तेलाचा डबा कोठून कोठे गेला, ते आपण जाणतोच. २०२२ साली साठ टक्के वाढ जाहीर झाली आणि तीस हजारांचे अठ्ठेचाळीस हजार झाले. ऐकायला बरे वाटते. पण महिन्याचे चारच हजार. त्यांतले निम्मे पगाराला. म्हणजे जो माणूस रोज कुलूप उघडतो, झाडतो, नोंदी ठेवतो, त्याला अनुदानातून दोन हजार. उरलेल्या दोनांत वर्तमानपत्रे, वीज, पुस्तके आणि जागा.

आपल्या बैठकीतला वाद नेमका येथेच होता. भिशीतून उरलेल्या पैशांत वाचनालयाला संगणक द्यावा, असे काही भगिनींचे म्हणणे. पुस्तकांची यादी त्यावर करता येते, मुलींना परीक्षांचे अर्ज भरता येतात, जग पुढे गेले आहे. मी विरोध केला आणि माझ्यावर "जुन्या वळणाची" असा शिक्का बसला. मी संगणकाच्या विरुद्ध नाही हो. माझी धाकटी स्वतः भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करते. परंतु दार उघडणारा माणूसच पगाराअभावी दुसरे काम धरून गेला, तर संगणक कुलपाआड धूळ खात बसेल. आणि दुसरे असे, की संध्याकाळी वाचनालयात पुरुषमंडळी वर्तमानपत्रे घेऊन बसलेली असतात. तेथे पायरी चढून पुस्तक मागणारी सून आपल्या गावात अजून किती? सुधारणा करायची तर ती दारापासून सुरू व्हावी, एवढेच मी म्हणत होते.

शेजारच्या वेरूळची २०२२ साली 'पुस्तकांचे गाव' म्हणून निवड झाली. साताऱ्याकडच्या भिलारला २०१७ साली जो मान मिळाला, तोच आपल्या शेजाऱ्यांना. याचा मला आनंदच आहे. पण लेणी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचे गाव वेगळे आणि आपले रंगाऱ्यांच्या नावाचे देवगाव वेगळे. येथे वाचणारीकडे पुस्तकानेच जायला हवे.

शेवटी मधला मार्ग निघाला. निम्मे पैसे वाचनालयाच्या सेवकाला दरमहा थोडे थोडे म्हणून मंडळाकडून द्यायचे ठरले. माझ्या लग्नातली पत्र्याची पेटी रिकामी पडून होती, तिला रंग दिला. वाचनालयाच्या मंडळींनी आढेवेढे घेत, पण सही करून, चाळीस पुस्तके उसनी दिली. पेटी दर पंधरवड्याला एका आळीतून दुसऱ्या आळीत जाते. पहिल्या फेरीत कोणी कादंबरी मागेल असे मला वाटले होते. मागितले गेले ते शेळीपालनाचे आणि बाळंतिणीच्या आहाराचे पुस्तक. एका सासूबाईंनी भक्तिविजय नेला, तो परत मिळविण्यासाठी मला तीनदा जावे लागले, आणि तिन्ही वेळा चहा घ्यावा लागला.

संगणकासाठी ठेवलेले निम्मे पैसे अजून तसेच आहेत. ते पुरत नाहीत. अभ्यासाच्या मुली दोनदा विचारून गेल्या, पुढच्या बैठकीला त्या स्वतःच येणार आहेत.