खुडूक कोंबडीपासून काचेच्या पेटीपर्यंत



या वसंतात आम्ही घरी पहिल्यांदाच इनक्युबेटरमध्ये अंडी उबवली. १२ अंडी ठेवली, ९ पिल्लं आली. कोकणात आमची आजी खुडूक कोंबडीला टोपलीत बसवायची आणि बाकी सगळं कोंबडीवर सोडायची. इथे ते काम माझ्याकडे आलं. तापमान ३७.५ अंश सेल्सियस, दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, सातव्या रात्री अंधारात बॅटरी लावून आतल्या लाल शिरा बघायच्या, अठराव्या दिवशी फिरवणं बंद करून आर्द्रता वाढवायची, आणि एकविसाव्या दिवसाची वाट बघायची. एवढं करताना सहज डोक्यात आलं, की कोंबडीविना अंडी उबवायचं हे आधी कुणाला सुचलं असेल? म्हणून थोडी शोधाशोध केली. ती इथे मांडतो.

या विद्येचं एक माहेर इजिप्त. इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय, की तिथले लोक अंडी उकिरड्यात पुरून उबवतात. पुढे तिथे विटामातीच्या भट्ट्या बांधल्या जाऊ लागल्या. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खाली अंडी, वर शेणाच्या गोवऱ्यांचा मंद विस्तव. एकेका भट्टीत हजारो अंडी! थर्मामीटर नव्हताच, तर अंडं पापणीला लावून ऊब जोखायची. माझ्या इनक्युबेटरचा डिजिटल आकडा बघताना त्या कारागिरांचं मला फार कौतुक वाटतं.

फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्युर याने १७४९ मध्ये या विषयावर आख्खा ग्रंथ लिहिला. इजिप्तला पिरॅमिडांपेक्षा या भट्ट्यांचा जास्त अभिमान वाटायला हवा, असं त्याचं मत होतं. भट्टीवाला दर तीन अंड्यांमागे दोन पिल्लं परत द्यायचा, वरची फायद्यात, असा तिथला करार त्याने नोंदवला आहे. म्हणजे आमचे १२ पैकी ९ त्या हिशोबाने पास!

बे एरियातल्या मंडळींना पुढची गोष्ट जवळची वाटेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पेटालुमा गाव आहे. तिथे १८७९ मध्ये लायमन बाइस याने इनक्युबेटर तयार केला आणि धंदा असा वाढला की गावाला 'जगाची अंड्यांची टोपली' म्हणू लागले. बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यामुळे दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तगतं. याच्याच जोरावर १९१८ पासून अमेरिकन टपाल खातं एक दिवसाची पिल्लं चक्क पार्सलने पोचवतं.

पण मला सगळ्यात भावली ती पॅरिसची गोष्ट. तिथले प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात पिल्लांचा इनक्युबेटर पाहिला आणि त्यांच्या मनात आलं, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी असंच काही का नको? प्राणिसंग्रहालयातल्याच मार्तें या माणसाकडून त्यांनी पेटी बनवून घेतली आणि १८८० मध्ये ती पॅरिसच्या प्रसूतिगृहात आली. खाली गरम पाण्याची टाकी, वर बाळं, इतकी साधी रचना. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ वर आलं, असं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. अमेरिकेत मात्र कित्येक वर्षं अशा बाळांना इस्पितळात धड जागा नव्हती. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने १९०३ ते १९४३ न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर जत्रेत तिकीट लावून ही बाळं दाखवली आणि त्या पैशातून त्यांची शुश्रूषा केली. आईबापांकडून तो काही घेत नसे. तो खरंच डॉक्टर होता का, याबद्दल आज शंका घेतली जाते, पण बाळं वाचली हे खरं.

माझी पुतणी सातव्या महिन्यात झाली. पुण्याहून दादाचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पेटीत ठेवलंय." नंतरचे पाच आठवडे आमचं सगळं घर त्या पेटीतल्या उबेवर टांगलेलं होतं. आता ती कॉलेजात शिकते. पिल्लांचे फोटो पाठवले तर तिचं उत्तर आलं, "काका, म्हणजे ही माझी चुलतभावंडंच की!"

आपल्यापैकी कुणाच्या गावी अंडी उबवायची वेगळी रीत असेल, भाताच्या तुसात, राखेत, कशातही, तर जरूर लिहा.