पुण्यातील लॅटिनचे अध्ययन

पुण्यातील लॅटिनचे अध्ययन मुख्यतः कॅथलिक धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाशी निगडित राहिले आहे. त्याचे केंद्र स्वारगेटच्या ईशान्येस, नगर रस्त्यावरील रामवाडी परिसरात आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केलेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यात आली. तिच्याच शिक्षणपरंपरेतून ज्ञानदीप विद्यापीठ आकारास आले.

त्या काळी सेमिनरींमध्ये तत्त्वज्ञान व ईशज्ञान हे विषय सामान्यतः लॅटिनमधून शिकवले जात. पोप तेविसावे जॉन यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये या पद्धतीचा आग्रहपूर्वक पुरस्कार केला. मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि पुढे लॅटिनचे अध्यापन जगभर ओसरू लागले.

संत ऑगस्टीन व थॉमस अक्वायनस यांचे मूळ ग्रंथ लॅटिनमध्ये आहेत. त्यामुळे ही भाषा न शिकलेल्या अभ्यासकास भाषांतरकाराने लावलेल्या अर्थावर विसंबावे लागते. संस्कृत जाणणाऱ्यास मात्र लॅटिन सर्वस्वी परकी वाटत नाही. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातील असून त्यांत नामांना विभक्तिप्रत्यय लागतात; ‘पितृ’ व ‘पतेर’, ‘मातृ’ व ‘मातेर’ या शब्दांतील साम्यही सहज लक्षात येते.