आयलंड ओटा

स्वयंपाकघराच्या मधोमध, कोणत्याही भिंतीला न टेकता बांधलेला आणि चारही बाजूंनी वावरता येणारा ओटा. एक बाजू भिंतीला जोडलेली असेल तर त्याला पेनिन्सुला म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या घरांच्या मुदपाकखान्यात मधोमध कामाचे लाकडी टेबल असे. त्याचाच हा वंशज. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी आखलेले ‘फ्रांकफुर्ट किचन’ जेमतेम १.९ मीटर रुंद होते, तिथे मधल्या ओट्याला जागाच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी उपनगरांत स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधली भिंत गेली, तेव्हा तो रुळला.

आखणी ओट्याच्या दगडापासून नव्हे, भोवतीच्या मोकळ्या फरशीपासून सुरू करावी. एकट्याने स्वयंपाक होत असेल तर दोन ओट्यांमध्ये ४२ इंच आणि दोघांचा वावर असेल तर ४८ इंच वाट ठेवावी, असा अमेरिकी संकेत आहे. फ्रीजचे दार आणि खालचे ड्रॉवर याच वाटेत उघडतात. भिंतीलगतचा २ फुटी ओटा, साडेतीन फुटांची वाट, २ फुटी आयलंड आणि पलीकडे ३ फूट धरले, तरी खोली साडेदहा फूट रुंद हवी. राष्ट्रीय इमारत संहितेत, जेवणाची जागा वेगळी असल्यास, स्वयंपाकघराची किमान रुंदी १.८ मीटर म्हणजे सुमारे ६ फूट आहे. एवढ्या खोलीत आयलंडचा हट्ट धरू नये. चाकांचे छोटे टेबल पुरते. काम सुरू करण्यापूर्वी फरशीवर खडूने आकार आखावा, त्यावर खोकी रचावीत आणि दोन दिवस तसाच स्वयंपाक करून पाहावा. कंबर कुठे आपटते ते नकाशात दिसत नाही.

खरा निर्णय पाणी आणि आग मध्यावर आणायची का, हा आहे. रोज फोडणी पडणाऱ्या घरात दोन्ही भिंतीपाशीच राहू द्यावीत. मध्यावरच्या शेगडीमागे धूर अडवायला भिंत नसते. तो पंख्याच्या वाऱ्याने घरभर पसरतो, आणि छताला टांगलेली, शेगडीहून रुंद चिमणी बसवावी लागते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळल्यास तळाशी साचतो, म्हणून सिलिंडर आयलंडच्या बंद कपाटात ठेवू नये. सिंकच्या सांडपाण्याला ४० ला १ उतार दिला, तर १० फुटांत ३ इंच जातात. बांधलेल्या फ्लॅटमध्ये त्यासाठी फरशी उचलावी लागते, आणि नळी गळली तर ओल खालच्या घराच्या छताला येते.

कोरडा आयलंड मात्र फार उपयोगी. भाजी निवडणे, चिरणे, पोळ्या लाटणे समोरासमोर बसून-उभे राहून होते. मिक्सरच्या प्लगची वायर फरशी बसवण्याआधीच जमिनीतून न्यावी. भिंतीचा ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतो. कणीक मळताना आणि लाटताना खांद्यातून जोर द्यावा लागत असल्याने पृष्ठभाग कोपराच्या बराच खाली हवा. उंची रोज लाटणाऱ्या माणसाला उभे करूनच मोजावी. बसायचे असेल तर माणशी २४ इंच लांबी आणि गुडघ्यांसाठी १५ इंच पुढे आलेला दगड ठेवावा. त्याखाली लोखंडी ब्रॅकेट द्यावेत आणि कोपरे गोल घासून घ्यावेत.