रुमालांतील क्रम

पुण्याहून लोणावळ्यास जातांना वाटेंत कामशेत स्टेशन लागतें. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) बडोद्याची नोकरी संपल्यावर याच मावळी गांवीं येऊन राहिले. त्यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. या कार्याची थोरवी गातांना कागद किती उजेडांत आले हें आपण सांगतों. ते लावले कोणत्या क्रमानें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक अर्धा इतिहास त्या क्रमांतच असतो.

याचें उदाहरण मावळांतलेंच घेऊं. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांस पुढें करून इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यास कप्तान स्टुअर्ट, म्हणजे मराठ्यांचा ‘इष्टुर फांकडा’, पडला. ११ तारखेच्या रात्रीं तळेगांवाहून फौज माघारी फिरली आणि वडगांवास कोंडली जाऊन तिला तह पत्करावा लागला. या पंधरवड्यांतील एखादें पत्र हातीं आलें, तर तें कोणत्या सदराखालीं घालावें? इंग्रज, राघोबादादा, महादजी शिंदे, नाना फडणीस, मावळ: पांचही खुणा त्यास शोभतील. परंतु छापील खंडांत त्याला जागा एकच मिळणार. सरदेसायांनीं खंड बहुधा विषयवार पाडले. पहिला उदगीरचा, दुसरा पानिपतचा. उदगीरची लढाई १७६० ची, पानिपतची १७६१ ची, आणि दोहींकडे सेनानायक सदाशिवरावभाऊच. विषय वेगळे केल्यानें वाचकाची सोय झाली. पण एका घटनेंतून दुसरी कशी उपजली, तें पाहण्यास दोन्ही खंड शेजारीं उघडावे लागतात.

मग सर्व कागद तारखेनेंच कां लावूं नयेत? अडचण अशी कीं, मोडी पत्रांत पुष्कळदां ‘छ’ या अक्षरापुढें चंद्र आणि मुसलमानी महिना एवढेंच असतें, वर्ष नसतें. वडगांवची मोहीम बहुतेक जिल्हेज महिन्यांत झाली. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें असल्यामुळें तोच महिना सुमारें ३३ वर्षांनीं पुन्हा त्याच ऋतूंत येतो. वर्ष चुकलें, कीं एका पिढीचें पत्र दुसऱ्या पिढीच्या तोंडीं जातें. शत्रु हटल्याची बातमी कार्ल्याची कीं तळेगांवची, हें तर तारखेच्या एका अंकावर ठरतें.

आज संगणकावर खासगी टिपणवही ठेवणाऱ्यास वाटेल, कीं हा प्रश्न आतां मिटला. एकाच टिपणास पांच खुणा लावतां येतात आणि पांचही याद्यांत तें दिसतें, ही सोय खरोखरच मोठी आहे. पण यादींतील क्रम यंत्रावर सोपविला, तर तें बहुधा अक्षरांचा क्रम लावील. मुसलमानी महिने तसे लावून पाहावेत: वर्षाचा पहिला मोहरम जिल्हेजच्या मागें पडतो आणि दुसरा सफर रमजानाच्याही पलीकडे जातो! यंत्राची यांत चूक नाहीं. खूण ‘हें कशाविषयीं’ एवढेंच सांगते. ‘कशानंतर काय’ हें ठरविणें मनुष्याचेंच काम आहे, आणि तो निर्णय कोठें तरी लिहून ठेवणेंही त्याचेंच.

आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं जुन्या पत्रांचा एखादा रुमाल असेल. तो सोडल्याबरोबर विषयवार गठ्ठे करण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्यानें तो बांधला, त्यानें कांहीं कागद जवळजवळ ठेवले ते कदाचित् हेतूनें. वर्ष नसलेल्या पत्राचें वर्ष पुष्कळदां शेजारच्या कागदावरूनच उमगतें. म्हणून प्रथम प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांत शिसपेनीनें बारीक अंक घालावा, मग तारखेची यादी करावी, मग विषयांची. याद्या हव्या तितक्या करतां येतील. एकदां विसकटलेला मूळ क्रम मात्र कोणत्याही रियासतकारास पुन्हा लावून देतां येणार नाहीं.