नकाराधिकाराचे वाचक

१० जुलै १८३२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी राष्ट्रीय बँकेच्या सनदेला मुदतवाढ देणारे विधेयक नाकारले. ही घटना एरवी अर्थकारणाच्या इतिहासात वाचली जाते. परंतु साहित्याच्या अभ्यासकानेही तिच्याकडे पाहावे असे मला वाटते. कारण एकच मजकूर दोन वाचकवर्गांनी कसा वाचला, यावर त्या वर्षीचे राजकारण फिरले.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८१६ साली काँग्रेसने या बँकेला २० वर्षांची सनद दिली. भांडवल साडेतीन कोटी डॉलर. त्यातील एक पंचमांश वाटा सरकारचा, उरलेला खासगी भागधारकांचा. सरकारी ठेवी तिच्याकडे असत आणि राज्यांतील लहानमोठ्या बँकांवर वचकही तिचाच असे. सनद १८३६ पर्यंत होती. तरीही जॅक्सन यांचे प्रतिस्पर्धी हेन्री क्ले यांच्या पाठबळाने बँकेचे प्रमुख निकोलस बिडल यांनी चार वर्षे आधीच मुदतवाढ मागितली. हिशेब सरळ होता : जॅक्सन यांनी सही केली तर बँक तरते, नाकारली तर क्ले यांना निवडणुकीचा मुद्दा मिळतो.

जॅक्सन यांनी नाकारली, आणि सोबत प्रदीर्घ संदेश धाडला. तो घडवण्यात एके काळी वृत्तपत्राचे संपादक असलेले एमॉस केंडल यांचा मोठा हात होता. ही बँक घटनासंमत असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १८१९ सालीच दिला होता. त्याने अध्यक्षाचे मत बांधले जात नाही, असे संदेश सांगतो. पण त्याची खरी ताकद कायद्याच्या युक्तिवादात नाही. माणसामाणसांत गुणांचे, कष्टांचे अंतर राहणारच, हे तो मान्य करतो. मात्र कायदाच जेव्हा धनवंतांच्या पदरात जास्तीचे दान टाकतो, तेव्हा शेतकरी, कारागीर आणि मजूर यांना तक्रारीचा हक्क पोहोचतो, असे बजावतो. संदेश काँग्रेसला उद्देशून असला, तरी त्याचा अभिप्रेत वाचक काँग्रेसबाहेरचा आहे.

बिडल यांना हे उमगले नाही. हा मजकूर म्हणजे अराजकाचा जाहीरनामा, असे त्यांचे मत झाले. तो वाचून मतदार जॅक्सन यांच्यापासून दूर जातील, या खात्रीने त्याच्या हजारो प्रती त्यांनीच छापवून वाटल्या. आपल्याला जे हास्यास्पद वाटते ते सर्वांनाच तसे वाटेल, हा सुशिक्षित वाचकाचा जुना भ्रम त्यांना नडला. जॅक्सन यांना २१९ निर्वाचक मते पडली, क्ले यांना ४९.

गोष्ट येथे संपवणे सोयीचे ठरले असते. परंतु १८२८ च्या तुलनेत जॅक्सन यांच्या मतांचे प्रमाण किंचित घटलेच होते. लोकांनी बँकेविरुद्ध कौल दिला की जॅक्सन या व्यक्तीला, हे आकडे सांगत नाहीत. जॅक्सन यांनी मात्र निकालाचे स्वतःला हवे तसे वाचन केले आणि तो जनादेश मानून १८३३ मध्ये बँकेतून सरकारी ठेवी हलवण्यास प्रारंभ केला. म्हणजे बिडल यांनी संदेश चुकीचा वाचला, तर जॅक्सन यांनी निकाल जरा जास्तच वाचला.

आणि संदेशातील तो सामान्य माणूस कोण? जॅक्सन स्वतः गुलामांचे मालक होते. मूलनिवासींना त्यांच्या भूमीवरून हटवण्याच्या १८३० च्या कायद्यावर सही त्यांचीच होती. विषमतेविरुद्धच्या या प्रभावी गद्यात त्या माणसांना जागा नव्हती. 'जनता' हा शब्द कोणाला कवेत घेतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवतो, हा प्रश्न विचारल्याखेरीज कोणत्याही राजकीय मजकुराचे वाचन पुरे होत नाही. तो संदेश आजही वाचावा, तो या प्रश्नासाठी.